फोडलेला जोड

एका वर्षी चातुर्मासात मी एक शब्द सोडला. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा सोडतं, कुणी चार महिने पानावर जेवतं. मी 'पेक्षा' सोडलं. तिच्यापेक्षा, त्याच्यापेक्षा, कालच्यापेक्षा, यातलं काही तोंडातून काढायचं नाही, असं देवापुढं तांदूळ ठेवून म्हटलं. जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "शब्द सोडून काय मिळायचं गं? वांगं सोडलं असतंस तर भाजी तरी वाचली असती." मीही हसले. पण तिसऱ्याच दिवशी जीभ घसरली, आपली खीर शेजारच्यांपेक्षा दाट झाली म्हणून. मग एक दिवस एकभुक्त राहून पुन्हा पहिल्यापासून नेम धरला.

व्रताला कहाणी लागते. माझ्या व्रताला नव्हती. ती मला आमच्या चुलत सासूबाईंनी दिली. देताना बजावलं, की आधी हसू येईल, मग येणार नाही. तीच तुम्हाला सांगते. लहानांनी ऐकावी, थोरांनी ऐकावी. हाताशी वाती वळायच्या असतील तर वळता वळता ऐकावी.

फार फार वर्षांपूर्वी एका उंच पठारावर एक राज्य होतं. सगळी भूमी काळ्या कातळाची. घोड्याचे खूर तिथं घसरत, गाडीचं चाक तिथं चालत नसे. म्हणून त्या राज्यात माणसं धावत. राजाचा हुकूम धावत जाई, वैद्याची मुळी धावत येई, सोयरिकीची सुपारीसुद्धा धावतच पोहोचे. पोर उभं राहायला लागलं की आई त्याला चाल म्हणत नसे, पळ म्हणे.

दरवर्षी चैत्री पुनवेला तिथं शर्यत होई. नगराच्या मैदानातून निघायचं, देवीच्या डोंगराला वळसा घालायचा आणि परत मैदानात यायचं. जो पहिला येई, तो वर्षभर राजाचा धावक.

कातळावर धावायचं तर पायात नेटकी वहाण हवी. त्या नगरात वहाणा करणारा कारागीर एकच होता, आणि त्याची एक रीत होती. येईल त्या माणसाला तो ओल्या वाळूत उभं करी. आधी उजवं पाऊल उमटवायचं, मग डावं. त्या ठशांवरून पांगाऱ्याच्या मऊ लाकडात दोन पावलं कोरायची, आणि त्या लाकडी पावलांवर कातडं ताणून वहाण शिवायची. कोरलेली पावलं तो कधी टाकत नसे. दोरीनं जोड बांधून भिंतीला टांगून ठेवी. माणूस पुन्हा आला, की जोड उतरवून वाळूतल्या ठशाशी लावून बघायचा. वाढलं असेल तिथं लाकडाची चकती ठोकायची, झिजलं असेल तिथं तासायचं. राजापासून पाणक्यापर्यंत सातशे माणसांची पावलं त्या भिंतीवर होती.

वाळू भिजवायचं काम त्याच्या बायकोचं. तिची नजर अशी, की ठसा बघून ती माणूस ओळखी. एखादी लेक-सून वाळूत उभी राहिली की ही हळूच विचारी, "काय गं, टाच जड उमटलीय. दिवस गेलेत वाटतं?" नवऱ्याला कळायच्या आधी तिला कळलेलं असे.

एकदा कुणीतरी कारागिराला म्हटलं, दोन-दोन पावलं कोरायची कशाला, एक कोरावं आणि दुसरं त्याचंच उलटं करावं. म्हातारा म्हणाला, "दोन्ही पावलं एका आईची लेकरं खरी, पण जुळी नव्हेत. एक भार उचलतं, एक तोल धरतं. एकावरून दुसरं कळत नाही."

त्याला दोन मुलगे होते. थोरल्याच्या हाताला काप होती. रापीनं कातडं कापावं तर त्यानंच. धाकट्याच्या हाताला टाका होता. आरीनं शिवावं तर त्यानंच. थोरल्यानं कापायचं आणि धाकट्यानं शिवायचं, अशी एकेक वहाण दोघांच्या हातून जाई. तरी येणारी-जाणारी माणसं दारात टेकली की विचारत, थोरला बरा की धाकटा बरा? कुणी म्हणे कापेवर वहाण उभी राहते, कुणी म्हणे टाक्यावर टिकते. म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करी. मुलगे मात्र मान खाली घालून ऐकत.

म्हातारा गेला. तेराव्याचं गोडाचं ताट उचललं जायच्या आत वाटणीची बोलणी निघाली.

चार वडीलधारी माणसं बसली. कातडी निम्मी-निम्मी झाली. रांजण, रापी, आऱ्या, परसातला पांगारा, सगळ्याचे सारखे वाटे झाले. राहिली भिंत. सातशे जोड. तीनशे पन्नास याचे, तीनशे पन्नास त्याचे, असं ठरलं. पण राजाच्या धावकाचा जोड कुणाकडे जायचा? थोरला म्हणाला, मी थोरला. धाकटा म्हणाला, त्या जोडावरचे सगळे टाके माझे. तासभर झाला, दुसरा तासही झाला. शेवटी त्या चौघांतला एकजण कंटाळून थट्टेनं म्हणाला, "मग काय, एकेक पाय घ्या बाबांनो."

सगळे हसले. ते दोघे हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि वाटणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. धावकाचाच कशाला, सगळेच जोड फोडू. म्हणजे कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. सातशेच्या सातशे दोऱ्या कापल्या. सगळी उजवी पावलं थोरल्यानं घेतली, सगळी डावी धाकट्यानं. बघायला आलेली माणसं म्हणाली, इतकी सारखी वाटणी आम्ही जन्मात बघितली नाही.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, मालाची वाटणी होते. जोडाची कशी होईल?"

थोरला म्हणाला, "उजव्याचं उलटं केलं की डावं होतं, आई."

धाकटा म्हणाला, "आणि डाव्याचं उलटं केलं की उजवं."

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना बोलावलं. नवऱ्यानं तिला केलेल्या वहाणा झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. त्या तिनं तुळशीजवळ ठेवल्या आणि दोघांच्या देखत नेम घेतला. "आता माझी उजवी वहाण थोरल्यानं करायची, डावी धाकट्यानं. दोघांनी मिळून एक जोड माझ्या दारात आणायचा. तोवर माझ्या पायात काही चढणार नाही."

दोघांना वाटलं, म्हातारीचा राग आहे, दोन-चार दिवसांत उतरेल. थोरल्यानं पूर्वेच्या वेशीत दुकान मांडलं, धाकट्यानं पश्चिमेच्या. आई मधल्या जुन्या घरात राहिली. अनवाणी.

आता दोघांची चाल ऐका.

थोरल्यानं विचार केला, लोक पायाकडे बघत नाहीत, पुढे कोण आहे ते बघतात. त्यानं नगरातले जलद पळणारे हेरले आणि त्यांना फुकट वहाणा दिल्या. प्रत्येक वहाणेला लाल गोंडा लावला. भाट ठेवले, दवंडीवाले ठेवले. शर्यत कुणीही जिंको, त्याच्या पायाला लाल गोंडा दिसलाच पाहिजे. लोक म्हणू लागले, गोंड्यातच वेग आहे. पोरं नुसते गोंडे अंगठ्याला बांधून पळू लागली.

धाकट्यानं दुसरा विचार केला. पळणारे शंभर, न पळणारे हजार. त्यानं पिवळ्या पट्टीच्या वहाणा काढल्या, पातळ तळाच्या, दर सणाला नव्या तऱ्हेच्या. शिवायचं काम वीस गावांत वाटून दिलं. तेल पाजून वहाण आठ दिवस मुरवायची बापाची रीत होती, ती मोडली. त्यानं वहाणा विकल्या गादीवर बसणाऱ्या सावकाराला, देवळातल्या पुजाऱ्याला, दिवसभर तराजू धरणाऱ्या वाण्याला. "घाला काका," तो म्हणे, "बसल्या जागी पळाल्यासारखं वाटतं." आणि सावकाराला खरंच तसं वाटे. जिना चढताना तो थोडं पुढं वाकून चढे.

दोन्ही दुकानं तुडुंब चालली. खोटं कशाला बोलू? दोघंही हुशार होते आणि दोघंही राबत होते. पण दोघांचा दिवस एकाच प्रश्नानं उजाडे. दुकानात माणूस आला की म्हातारा विचारायचा, कुठं टोचतं? थोरला विचारी, धाकट्यानं यंदा काय काढलंय? धाकटा विचारी, थोरल्याच्या गोंड्याला यंदा किती पदर? थोरल्यानं पातळ तळ काढला, कारण धाकट्यानं काढला होता. धाकट्यानं भाट ठेवले, कारण थोरल्याकडे होते. एकानं पहाटे दुकान उघडलं, की दुसरा त्याच्या आधी उठे.

आणि हळूहळू माणसं लंगडू लागली.

थोरल्याकडे उजवी पावलं होती. त्याची उजवी वहाण लोण्यासारखी बसे, डावी चावे. धाकट्याची डावी फुलासारखी बसे, उजवी चावे. म्हणून लाल गोंड्याची माणसं डाव्या पायानं लंगडत आणि पिवळ्या पट्टीची उजव्या. वहाण चुकली असेल, हे कुणाच्याच मनात आलं नाही. इतकी माणसं घालतात, म्हणजे पायच वाकडा असणार. पुढं पुढं तर त्या लंगडण्याचाही अभिमान वाटू लागला. पाणवठ्यावर पोरं एकमेकांना चिडवत.

"डावलंगड्या, सरक बाजूला."

"जा रे उजवलंगड्या, तुझा बापसुद्धा उजवलंगडा."

वहाणा न घेतलेली पोरंसुद्धा लंगडून चालत, कोणत्या दुकानाची ते कळावं म्हणून.

आई दर पाडव्याला दोन्ही वेशींत जाई. आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. मागणं तेच. एक उजवी दे, एक डावी दे. थोरला तिच्यापुढं चार-चार जोड मांडी. म्हणे, "घालून तर बघ, धाकट्यापेक्षा मऊ आहेत." धाकटा पाच जोड मांडी. म्हणे, "बघ, थोरल्यापेक्षा हलक्या आहेत." ती दोघांकडेही मान हलवी आणि परत जाई. वाटेत तिचे तळवे भेगाळत, काटा रुते. बाया म्हणत, घाला हो काकू, कुणाच्या का असेना. ती म्हणे, "कुणाच्या का असेना हेच तर मला नकोय, बायांनो. मला दोघांची हवीय."

मग एका वर्षी थोरल्याला वाटलं, माणसामाणसाचं पाऊल शोधत बसण्यात वेळ जातो. लहान, मधली आणि थोर, अशी तीनच मापं ठेवावी. बापानं कोरलेली सातशे उजवी पावलं मग कशाला हवीत? त्यानं ती रंगाच्या काहिलीखाली घातली. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, भरभर पेटतं. दुपारपर्यंत सातशे पावलं जळाली आणि गोंड्यांचा लाल रंग उकळून तयार झाला. संध्याकाळी ही बातमी पश्चिमेच्या वेशीत गेली. धाकटा रात्रभर तळमळला, की आपण मागं पडलो. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी डावी पावलं पिवळ्या रंगाखाली घातली.

सगळी घातली असं लोक म्हणत. पण थोरल्यानं एक उजवं पाऊल काढून ठेवलं होतं, आणि धाकट्यानं एक डावं. दोन्ही आईची होती. थोरल्यानं ते गादीखाली लपवलं, धाकट्यानं दाण्याच्या कणगीत. याचं त्याला ठाऊक नव्हतं, त्याचं याला ठाऊक नव्हतं. आणि बाई, कळूही नये अशी दोघांची धडपड होती. दुसऱ्याला कळलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, याला अजून जुनं लाकूड लागतं.

अशी चैत्री पुनव आली. त्या वर्षी शर्यतीला अख्खं राज्य लोटलं. राजा स्वतः येऊन बसला. मैदानाच्या या टोकाला थोरल्याचा लाल मांडव, त्या टोकाला धाकट्याचा पिवळा मांडव, मधे चाळीस पावलं उघडा कातळ, आणि त्याच कातळावर शर्यतीची शेवटची रेघ. ऊन असं, की कातळावर थेंब पडला तर चर्र करून नाहीसा व्हावा.

दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. आईनं आपल्या मांडवात बसावं, आपली वहाण घालून. ज्याच्या वहाणा आईनं घातल्या त्याचं नाणं खरं, असं लोक म्हणणार होते. थोरल्यानं तिच्यासाठी चौरंग मांडला, धाकट्यानं झोपाळा बांधला.

आई आली. आधी लाल मांडवात गेली. थोरला म्हणाला, "आई, सावलीत ये. आजच्यापुरत्या घाल. सगळं नगर बघतंय."

"नगराला बघू दे. तू माझ्या पायांकडे बघ," ती म्हणाली. "उजवी तेवढी दे. डावी तुझी नको."

"आणि डाव्या पायात त्याची पिवळी पट्टी मिरवणार? लोक काय म्हणतील? थोरल्याची डावी त्याच्या आईलासुद्धा बसत नाही म्हणतील."

"नाहीच बसत रे. कुणालाच बसत नाही. तुला कुणी सांगत नाही इतकंच."

थोरल्याचं तोंड उतरलं. क्षणभर त्याचा हात उजव्या वहाणेकडे गेलाही. मग त्यानं समोरच्या मांडवाकडे बघितलं. धाकटा इकडेच बघत होता. थोरल्यानं हात मागं घेतला आणि म्हणाला, आधी त्यानं द्यावी, मग मी देतो.

ती चाळीस पावलं चालून पिवळ्या मांडवात गेली. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं. आधी त्याला देऊ दे. ती परत लाल मांडवात आली. थोरला म्हणाला, आधी देणारा हरला असं लोक धरतात, म्हणून मी आधी देणार नाही. ती पुन्हा तिकडे गेली. अशा तिच्या सात खेपा झाल्या. लोक बघत होते. कुणी म्हणालं, म्हातारीला वेड लागलं. कुणी म्हणालं, यात थोरल्याचा डाव वरचढ आहे. आठव्या खेपेला तिचे पाय उचलेनात. ती दोन्ही मांडवांच्या बरोबर मध्ये, तापल्या कातळावर उभी राहिली. कुणाच्याच सावलीत जाईना.

धावणारे तोवर देवीच्या डोंगराला वळसा घालून परतीला लागले होते. दोघं सगळ्यांच्या पुढं होते, एक लाल गोंड्याचा, एक पिवळ्या पट्टीचा. एक डावीकडे लंगडत होता, एक उजवीकडे. दमलेला माणूस ज्या अंगाला लंगडतो त्या अंगाला कलतो. लाल गोंड्याचा उजव्या कडेनं धावत होता, पिवळ्या पट्टीचा डाव्या कडेनं. दोघं कलत कलत एकमेकांजवळ आले, आणि शेवटच्या रेघेपाशी खांद्याला खांदा आदळून दोघंही खाली पडले. पडले ते आईच्या पायाशी.

आई खाली बसली. तिनं एकाचा डावा पाय मांडीवर घेतला आणि वहाण सोडली. टाचेचं कातडं सोलून निघालं होतं. दुसऱ्याचा उजवा पाय घेतला. त्याचीही तीच गत. तिनं पदर ओला करायला पाणी मागितलं.

दोन्ही मांडवांतून दोघं भाऊ धावत आले. किती वर्षांनी ते इतके जवळ आले होते. आईला वाटलं, आलेत.

ते तिच्याकडे आले नव्हते. धावणाऱ्यांकडेही आले नव्हते. दोघं रेघेशी गुडघ्यांवर बसले आणि कुणाची वहाण रेघेला आधी लागली ते बघू लागले.

लाल पुढं की पिवळी पुढं, यावर दोघांचं भांडण जुंपलं. राजा कंटाळून उठून गेला. माणसं पांगली. दोघांचं भांडण चाललंच होतं, आणि त्या गडबडीत आई कधी उठली, कशी चालत घरी गेली, ते कुणी बघितलं नाही. बघितलं असतं, तर कातळावर तिच्या पावलांचे ओले ठसे दिसले असते. ते पाण्याचे नव्हते.

तिला ताप भरला. तळव्यांची आग पायभर चढली. पाय सुजून खांबासारखे झाले. वैद्यानं मुळी सांगितली, ती दोन डोंगर ओलांडून आणायची होती. पूर्वी ती दुपारच्या आत आली असती. लंगडणाऱ्या माणसानं ती तिसऱ्या दिवशी आणली. तोवर मुळीचा उपयोग राहिला नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी दोघं आले. एक या दारानं, एक त्या दारानं. एकाच्या हातात लाल गोंड्याची उजवी वहाण होती, एकाच्या हातात पिवळ्या पट्टीची डावी. देवाशपथ, आणली होती. पण दुसरा आधी पुढं होतो का, हे बघत दोघं आपापल्या उंबऱ्यात थांबले.

आईनं डोळे उघडले. तिनं याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "आता राहू द्या, बाळांनो. तिकडं अनवाणीच जाईन."

आणि ती गेली.

गेलेल्या माणसाच्या नावानं वहाणांचं दान करतात. पुढची वाट तापलेली असते, काट्याची असते, म्हणून. तेराव्याला भटजींनी विचारलं, कुणाचा जोड ठेवायचा? तेव्हा थोरला पूर्वेच्या वेशीत आपल्या घरी गेला आणि गादीखालचं उजवं पाऊल घेऊन आला. त्याच वेळी धाकटा पश्चिमेच्या वेशीतून कणगीतलं डावं पाऊल घेऊन आला. दोघांनी एकमेकांच्या हातातलं लाकूड बघितलं. मग ते जुन्या घराच्या ओसरीवर समोरासमोर बसले. थोरल्यानं दोन्ही वहाणा कापल्या, धाकट्यानं दोन्ही शिवल्या. गोंडा लावला नाही, पट्टी लावली नाही. किती वर्षांनी त्या नगरात खरा जोड झाला. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तसा जोड झाला, आणि तो घालायचे पाय राहिले नव्हते.

इथं कहाणी थांबली असती तर मी म्हटलं असतं, उशिरा का होईना, शहाणे झाले. पण सासूबाईंनी मला पुढचंही सांगितलं, आणि मला ते लपवता येत नाही.

दान ठेवायला दोघं खाली वाकले, तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय वहाणा झाल्यात. पण खरं सांगा, यात काप सरस की टाका सरस?"

दोघांचीही मान वळली. थोरला टाक्याकडे बघू लागला. धाकटा कापेकडे बघू लागला.

महिन्याच्या आत पूर्वेच्या वेशीत नवी वहाण आली. तिचं नाव 'आईची सावली'. आठ दिवसांत पश्चिमेच्या वेशीत दुसरी आली. तिचं नाव 'माउलीची पावलं'. दोन्ही भरपूर खपल्या. दोन्ही चावत होत्या.

पुढं त्या राज्यात शर्यत भरेनाशी झाली, कारण पळायला कुणी पुढं येईना. राजाचे हुकूम बैलाच्या चालीनं जाऊ लागले. वैद्याच्या मुळ्या वाटेतच सुकू लागल्या. ज्या राज्यात पोराला पहिलं पळ म्हणत, तिथं आया पोराला सांभाळून चाल म्हणू लागल्या. दोन्ही दुकानांत दोघं म्हातारे समोरच्या वेशीकडे डोळे लावून बसत. पळणारंच कुणी राहिलं नाही म्हटल्यावर पळाल्यासारखं वाटावं म्हणून वहाण घ्यायला तरी कोण येणार? थोरल्याला धाकट्याला हरवायचं होतं, धाकट्याला थोरल्याला. देवानं दोघांचंही ऐकलं.

कहाणी सांगून झाली की सगळं सुफळ झालं म्हणावं, अशी आपल्यात रीत आहे. या कहाणीला तसं म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिचा बोध तेवढा पदरात घ्या: जो शेजारच्या दुकानाकडे बघून वहाण शिवतो, त्याची वहाण कुणाच्याच पायात बसत नाही.

तरी माझा देवावर भरवसा आहे, आणि तुमच्यावरही. माणूस वाईट नसतं, त्याचे डोळे चुकीच्या बाजूला वळलेले असतात. म्हणून हात जोडून एक मागते. यंदाच्या चातुर्मासात चार महिने 'पेक्षा' सोडून बघा. मोडला नेम तर मोडू द्या, माझाही मोडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. चार महिने जमत नसेल तर एक दिवस धरा. आणि त्या दिवशी घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून विचारा, कुठं टोचतं गं तुला? कुठं टोचतं रे तुला? सांगेल ते ऐकून घ्या.